प्रश्न दिसला की उत्तर लिहायचं

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. तुमची गोळी चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली आहे, काही खाल्ल्याशिवाय घेऊ नका.

लेकीने दिलेली ती जुनी गाजलेली कादंबरी काल दुपारी संपवली. "या वयात असली पुस्तकं डोकं फिरवतात," म्हणाला होतात ना? फिरलंच. त्यातली बाई एके ठिकाणी स्वतःला विचारते, 'मला काय आवडतं?' आणि तिला काही सुचतच नाही. माझी शाळेतली सवय, प्रश्न दिसला की उत्तर लिहायचं. पेन्सिलीने समासात लिहून मोकळी झाले, 'पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणं.' मग लक्षात आलं, निवृत्त झाल्यापासून चार वर्षं हे मी तोंडातून काढलं नव्हतं. काहीही करायचं म्हटलं की तुम्ही माझ्या गुडघ्यांचं नाव काढायचात आणि मी विषय सोडून द्यायचे.

आजपासून ग्रंथालयात वर्ग घेतेय. नऊ मुलांची नावं आली आहेत. गुडघे दुखतील, ते माझं मी बघेन.

त्या बाईने शेवटी घर सोडलं. मी सहाला परत येते. न्यायला यायचंच असेल तर लवकर या, मागच्या बाकावर बसा आणि मध्ये बोलू नका.