मुदतीआधी मिनिटे कापल्यामुळे भाऊ दुरावल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सुवार्ता मोबाईल सेवा,
विभागीय कार्यालय, अकोला.

अर्जदार : शेषराव पुंजाराम तेलगोटे, निवृत्त एस.टी. वाहक, रा. बाळापूर, जि. अकोला.

विषय : वार्षिक योजना अर्ध्यावर बदलल्याने झालेले नुकसान स्वतः येऊन भरून देण्याबाबत.

संदर्भ : आपला संदेश, जो मी लग्नाच्या घाईत उघडला नाही, उघडला असता तरी आपण तो इंग्रजीत पाठवला आहे.

महोदय,

१. मी आपली 'परिवार योजना' वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतली. महिन्याला तीनशे मिनिटे, वर्षभर तोच दर, असे आपल्या माणसाने बाळापुरात दुकानात बसून सांगितले होते. पाचव्याच महिन्यात आपण मिनिटे शंभरावर आणली आणि जुनी हवी असल्यास जास्तीचे पैसे भरा म्हणालात. असे करणाऱ्याला आमच्या बाजारात काय म्हणतात, ते अर्जात लिहिता येत नाही.

२. माझे थोरले बंधू खुशालराव हे चांदूर बाजारला राहतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वडिलांच्या विहिरीच्या वाटणीवरून आमचे बोलणे बंद होते. त्या विहिरीला आता पाणीही नाही. माझी मुलगी दीपमाला हिचे लग्न येत्या रविवारी आहे आणि पत्रिकेवर निमंत्रक म्हणून पहिले नाव दादांचेच छापले आहे. ज्याच्या नावाने पत्रिका, त्यालाच पत्रिका कशी पाठवणार? त्यांना तोंडानेच सांगावे लागते, म्हणून फोन केला.

३. आमच्या घरची रीत अशी की, समेट करताना आधी पोटातले सगळे बोलून टाकायचे, बोलावणे शेवटी. समोरच्याने मध्ये तोंड उघडायचे नाही. त्याप्रमाणे मी विहिरीपासून सुरुवात केली. पंपाच्या मोटारीचे काढले, वहिनींच्या टोमण्यांचे काढले, आवाजही चढला. दादा गुमान ऐकत होते, म्हणजे त्यांना यायचे होते. सगळे बोलून झाले, बोलावणे तोंडाशी आले आणि आपली मिनिटे संपली. दादांच्या पदरी शिव्या तेवढ्या पडल्या.

४. शेजाऱ्याच्या फोनवरून लावला, तर आवाज ओळखून त्यांनी ठेवला. स्वतः गेलो. वहिनी केशरबाईंनी दारातच सांगितले, "फोन तोंडावर आपटला, आता कायले आले तुमी? दोन दिवस झाले, ते नीट जेवून बी नाही राहिले." आपल्या ग्राहक सेवेतील बाईंनी मात्र मला रिचार्जचा सल्ला देऊन शुभ दिवस चिंतला. माझ्या घरात दीपमाला म्हणते, "मोठे बाबा आल्याबिगर मी हार घालत नाही." महोदय, मला भयंकर चीड आली आहे.

५. सबब, पैसे परत नकोत. आपल्या जबाबदार अधिकाऱ्याने शनिवारपूर्वी ओळखपत्रासह चांदूर बाजारला जाऊन, फोन कंपनीने कापला असे दादांना लेखी द्यावे. ते शिक्क्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. हे होत नसेल, तर मांडवातली पहिली खुर्ची रिकामी का, हे पाहुण्यांना सांगायला आपणच यावे. जेवण मी देईन.

आपला संतप्त, तरीही नम्र,
शेषराव पुंजाराम तेलगोटे
बाळापूर, दि. १२ मे २००८

सोबत : पैसे भरल्याची पावती, लग्नपत्रिका.

प्रत, आपल्या कार्यालयाचा पोच शिक्का मारून, माहितीसाठी रवाना : श्री. खुशालराव पुंजाराम तेलगोटे, चांदूर बाजार.

दादा, बोलायचं राहिलं ते एवढंच होतं. पोरगी तुमची हाय. मले एकट्याले मांडवात उभं राहता येत नाही. या.