निंगप्पाकाकांचा पहारा

होनवाडी, ३ एप्रिल २०२६

तीर्थरूप अण्णांस,
संगमेशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आपल्या सिद्धेश्वरीचे लग्न कुडलगावच्या गुरुशांतशी २६ तारखेला ठरले, हे तिथे तुमची देखभाल करणाऱ्या बसूने पाटीवर लिहून दाखवलेच असेल. अडचण पलटणीतून निवृत्त झालेल्या आपल्या निंगप्पाकाकांची आहे. दुष्काळात दोन गावे तळ्यावरून भांडली, तेव्हा तुम्ही सरपंच होता. तुम्ही त्यांना बांधावर उभे करून सांगितलेत, मी सांगेपर्यंत कुडलगावचा एकही घडा भरू द्यायचा नाही. त्याला दहा वर्षे झाली. कालव्याचे पाणी आले, तळे भरले, देवळात समेट झाला. काका अजून शिट्टी आणि काठी घेऊन बांधावर आहेत. नवा सरपंच समजावायला गेला, तर म्हणाले, तू माझा साहेब न्हाईस.

आणि रीत तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी मुलाकडच्या बायकांनी नवरीच्या तळ्यातून तिच्या आंघोळीचे पाणी न्यायचे. तेवढा हुकूम मागे घेतल्याचे दोन ओळीत लिहून धाडा. लग्नाला तर तुम्ही याच.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
संगमेश

&nbsp;

सात रस्ता, सोलापूर, ९ एप्रिल

चि. संगमेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पोरीला इकडे घेऊन ये, डोक्यावर हात ठेवीन. निवडणुकीत पडलो त्या दिवशी मी गावाची वेस ओलांडली. आता गुडघेही परत फिरायला तयार नाहीत. बसू म्हणतो, गुडघे फक्त होनवाडीचे नाव काढले की दुखतात. त्याला डॉक्टरकीचे काय कळते?

हुकमाचे म्हणशील, तर त्या गावात माझे ऐकणारा एकच माणूस उरला आहे. त्यालाही, बाबा, आता ऐकू नकोस, असे मीच कळवू? सुनेला सांग, लोणचे संपले.

सगळ्यांवर माया आहेच, ती तिथूनच ओळखावी.
अण्णाराव

&nbsp;

होनवाडी, १५ एप्रिल

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार. आधी माफी मागतो.

तुमच्या अक्षरात मीच हुकूम लिहिला. वर श्री सिद्धेश्वर प्रसन्न, खाली तुमची लांब शेपटीची सही, कोपऱ्यात विभूतीचे बोट. काकांनी टोपी सारखी केली, कागदाला सलाम ठोकला, वाचला आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाले, तारीख सहा, वार सोमवार. अण्णा सोमवारी मौन पाळतंय, पेनाला शिवत बी न्हाय. ह्यो शत्रूचा कागद हाय. मी तुमचा मुलगा असून तुमचे व्रत विसरलो, त्यांनी बांधावर लक्षात ठेवले. देवासमोर नाक घासून आलो.

त्यात काल गुरुशांतची आत्या येऊन बजावून गेली, पाणी नाही तर वरात नाही. सिद्धेश्वरी जेवत नाही. अण्णा, आता तुमच्याच हाती आहे.

तुमचा अपराधी,
संगमेश

&nbsp;

सोलापूर, गुरुवार, १६ एप्रिल

चि. निंगप्पा यास,
अनेक आशीर्वाद.

वार पाहून घे. बसूने गावाहून संगमेशचे पत्र आणून हाती दिले, तसाच लिहायला बसलो. हुकूम मागे घेतला. कुडलगावला पाणी भरू दे. दहा वर्षे ऊन खाल्लेस, माझ्या शब्दासाठी. मला शब्द परत घ्यायला दहा ओळी खोडाव्या लागल्या. नात उपाशी आहे म्हणून घेतला, नाहीतर घेतला नसता, हे तूही जाणतोस.

तुझा सरपंच, होता तो,
अण्णाराव

&nbsp;

तळ्याचा बांध, होनवाडी, २० एप्रिल

तीर्थरूप अण्णांस,
निंगप्पा हवालदाराचा सलाम आणि नमस्कार.

हुकूम मिळाला. वार बरोबर, सही बरोबर. पण कागदावर पहारा उठत नाही. पलटणीत ज्याने उभे केले, त्यानेच समोर येऊन सोडवायचे, हे मी बांधावर पहिल्या दिवशीच तुम्हाला सांगितले होते. तुम्ही तेव्हा हो म्हणाला होता.

आता खरे लिहितो. लढाई संपली हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. कुडलगावच्या बायका रोज पाणी नेतात, मी चहा पीत असतो तेव्हा. चहा त्याच आणतात. मी बांध सोडला असता तर तुम्ही कोणाचे सरपंच राहिला असता? म्हणून उभा राहिलो. आत्याबाईंना तसे बोलायला मीच शिकवले, लई बेस बोलल्या. सिद्धेश्वरी काल माझ्यासमोर तीन भाकरी जेवली, काळजी नसावी. संगमेशला यातले काही सांगू नका, तो भोळा आहे.

२५ तारखेला सकाळी सहाला शत्रूची जीप सात रस्त्यावर उभी राहील. गुडघ्यांसाठी मागची सीट रिकामी ठेवायला सांगितली आहे. तुम्ही बांधावर येऊन तोंडाने विश्राम म्हणा. तोवर नवरीच्या पाण्याचा एक घडा भरू देणार नाही. त्या दिवशी शनिवार आहे, मौनाची सबब चालणार नाही.

लोभ दहा वर्षे लांबूनच आला, या खेपेला समक्ष यावा.

आपला, अजून जागेवर असलेला,
निंगप्पा