कायमचा पत्ता

भोर, मंगळवार, सायंकाळ

शेवटचा पेपर झाला आणि कन्येस पुण्यात नोकरीही लाभली. अस्मादिकांच्या आराखड्यात ती बी.एड. करून भोरमध्येच शिक्षिका होणार होती. सौभाग्यवती गेल्यापासून या साम्राज्याची प्रजा ती एकटीच. ती नोकरीचा फॉर्म भरत असताना मी 'जीवनध्येय' या विषयावर प्रवचन आरंभिले.

"बाबा, प्रवचन ऱ्हाऊ द्या. कायमचा पत्ता हितलाच ना?"

"अर्थात! स्थायी, अचल, सनातन. आणि सध्याचा?"

"पुण्याचं हॉस्टेल. सोमवारी जायचंय न्हाई का?"

"अक्षर सुवाच्य काढ," म्हणालो.

कायमचा पत्ता तिने माझ्याकडून तपासून घेतला. निर्दोष होता. आता सुचते: कायमच्या पत्त्यावर माणसे राहत नाहीत, त्यांचे टपाल येते. ते घ्यायला मी आहेच.