खांब नसलेला हॉल

दि. ११ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे, तुझ्या काकांचं तेवढं जेवणात लक्ष नाही.

आर्किटेक्चर घेऊ की स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग, असं विचारतेस. आर्किटेक्ट आत्या आणि इंजिनिअर काका असलेल्या पोरीने हे विचारणं म्हणजे घरात भांडण लावणंच. लग्न झाल्यापासून मी खोल्या मोठ्या करते आणि हे त्यात खांब आणून ठेवतात. तुझी चित्रकला चांगली, म्हणून सगळे तुला माझ्याकडे ढकलतील. मी म्हणेन, तू काकांचं शीक. फक्त त्यांच्यासारखी भिडस्त होऊ नकोस.

तुमच्या शाळेचा हॉल आम्ही दोघांनी केला, हे तू मैत्रिणींना मिरवून सांगतेस. त्यात मधे एकही खांब नाही. काकांच्या नकाशात दोन होते, ते मला डोळ्यांत खुपत होते. हे तीनदा नाही म्हणाले. मग मी आठ दिवस अबोला धरला. शेवटी त्यांनी खांब काढले, तुळई जाड केली आणि सही केली. "पुरेल बहुतेक," म्हणाले. या माणसाच्या तोंडून 'बहुतेक' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी खूश होते.

गेल्या महिन्यात त्या तुळईला तडा दिसला. काकांनी त्यावर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटते, एवढं साधं असतं ते. शाळेला वाटलं, दुरुस्ती झाली. आम्हीही तो समज दूर केला नाही. काल काच फुटलेली निघाली. नवी लावली, तिचेही आज सकाळी दोन तुकडे. काका पुन्हा आकडेमोड करत बसलेत. "सोमवारी ठरवू," म्हणतात. आणि शनिवारी तिथेच तुमची परीक्षा आहे.

खरं सांगते, शनिवारी तापाचं निमित्त करून घरी राहा, एवढंच लिहायला मी बसले होते. पण तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला असं पत्र कोण लिहिणार? माझी मलाच लाज वाटली.

शेजारीण तुमच्याकडेच निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते आणि मी थेट मुख्याध्यापिकांकडे जाते. हॉलला कुलूप लागल्याशिवाय तिथून उठणार नाही. काकांना सांगितलेलं नाही. यापुढे आम्हाला कुणी काम देईल असं वाटत नाही, आणि शाळेत तुला आमच्यावरून बोलतील. ऐकून घे.

कुलूप दिसेपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. कुणाला टाकू देऊ नकोस.

ते खांब काढायला लावणारी,
तुझी आत्या