मांडीतला वाटाण्याएवढा तुकडा

४ जून
चि. बापूस,
अ. आ. आणि थोडी दटावणीही, कारण महिनाभर तुझं पत्र नाही.
माझ्या आतड्यातली गाठ काढायची ठरलीय, येत्या सोमवारी. तू घाबरू नकोस, मी घाबरलेय तेवढं पुरे. दुसरी बातमी अशी, की इथल्या डॉक्टरीणबाई एक अभ्यास करताहेत. मोठ्या ऑपरेशननंतर स्नायूंमधलं ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींना जपणारं अँटिऑक्सिडंट, झपाट्यानं घटतं म्हणे. सलाईनमधून ग्लुटामाइन नावाचं अमिनो आम्ल दिलं तर ते टिकतं का, हे त्यांना पाहायचंय. निम्म्यांना देणार, निम्म्यांना नाही. कोणाच्या वाट्याला काय, ते शेवटी कळेल. मोजण्यासाठी मांडीतून वाटाण्याएवढा तुकडा दोनदा घेतील. मी हो म्हटलंय.
तुझी, कोणाचं न ऐकणारी,
ताई

८ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार पोचवतो, पण राग आहे.
सुतारकामात जन्मभर रंधा मारून तुझं डोकंही गुळगुळीत झालंय का? गाठ काढायला जातेस आणि वर मांडीही देतेस? आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुला काही झालं तर माझं कोण आहे? मी डॉक्टरीणबाईंना फोन करून तुझं नाव काढायला सांगितलंय. शाळेतून रजा काढून रविवारी पोचतो.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
बापू

१८ जून
चि. बापूस,
झोपूनच आशीर्वाद.
तू परत गेलास, म्हणून आता बोलते. टाके ताजे असताना तुझ्यावर ओरडता आलं नसतं. तुझा फोन झाल्यावर बाईंनी मला विचारलं होतं. मी सांगितलं, मांडी माझी आहे, भावाची नाही.
पहिला तुकडा भुलीत घेतला. दुसऱ्याच्या वेळी मी जागी होते, कुशीवर वळायचंही त्राण नव्हतं. बाई म्हणाल्या, आत्ताही नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. खरं सांगते, नाही अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, बापूला वाटेल त्याच्या फोननं काम केलं. पांघरूण मीच बाजूला सारलं. दुखलं. तुझं नाव घेऊन दोन शिव्या घातल्या, त्या पोचल्या असतील.
लोभ ठेव, सल्ले ठेवून घे.
ताई

२ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
निकाल तू फोनवर सांगितलास, त्यावर आज लिहितो. ज्यांना अमिनो आम्ल दिलं, त्यांचं ते ग्लुटाथायोन बरंचसं टिकलं. तू निघालीस न मिळालेल्यांत, तुझं घसरलं. कळ तू सोसलीस, फायदा परक्यांचा. हे मी कसं गिळू?
तुझा, हट्टानं हरलेला,
बापू

९ फेब्रुवारी
चि. बापूस,
अ. आ.
गणिताचा मास्तर ना तू? माझं घसरलेलं मोजलं नसतं, तर त्यांचं टिकलं हे कशाशी ताडून पाहिलं असतं? मला काही मिळालं नाही म्हणून माझा तुकडा वाया गेला, असं पुन्हा लिहिलंस तर उत्तर देणार नाही. बाई म्हणतात, यानं माणूस लवकर उभा राहतो का, ते अजून कळायचंय. मोठा अभ्यास हवा. त्यांनी तो करावा. मी त्यांना सांगितलंय, कोणी बिचकलं तर माझ्याकडे पाठवा.
आज कामावर गेले. दाराच्या फळीवर रंधा मारला, धाप लागली, बसले, पुन्हा मारला. हाताखालच्या शिकाऊ पोरी म्हणाल्या, मशीनवर घ्या. ऐकलं नाही. फळी आज अर्धीच झाली. उरलेली अर्धीही मीच करणार, आणि मग दार उचलायला तू ये. कुठे बसवायचं, ते मी सांगेन.
भांडण आणि लोभ, दोन्ही चालू ठेव.
ताई