डब्यावरचं नाव

१४ मार्च, सकाळी

प्रिय ढोल्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? मी बरी आहे. हे चौथं पत्र, आधीची तीन फाडली. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा प्यायचाच राहिला.

आपल्या बँडच्या गायकाचा फोन आला होता. हल्ली जाहिरातीत गुडघेदुखीच्या मलमाचे गुण गातो. म्हणाला, "अगं, तेव्हा पोरी माझ्यासाठी बेशुद्ध पडायच्या, आता त्यांचेच गुडघे चोळतोय." गिटारवाला चष्म्याच्या दुकानात खूष आहे. मी शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवते. आणि तू ड्रमच्या क्लासात नव्या पोरांना पहिल्या दिवशी आपली रेकॉर्ड लावून सांगतोस, "ऐका, हा मी."

त्याबद्दलच लिहायचंय.

कंपनी ती रेकॉर्ड पुन्हा काढते आहे, मूळ टेपांसकट. मला ऐकायला बोलावलं होतं. आपल्या गाजलेल्या गाण्याच्या टेपच्या डब्यावर ड्रमपुढे तुझं नाव नाही.

आठवतं, तुझं मनगट सुजलं होतं? तू वाजवलंस, पण लय धावत होती. तू डॉक्टरकडे गेलास. स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच आपला होता. शेजारच्या खोलीत एक वादक जाहिरातीचं काम संपवून निघाला होता. त्याला बोलावू या, असं मीच म्हणाले. वीस मिनिटांत त्याने वाजवलं. तू हाताला पट्टी बांधून परतलास, ऐकलंस आणि विचारलंस, "ताई, मी इतकं बरं वाजवलं?"

मी "हो" म्हणाले.

टेपवर वाजवणं संपल्यावर माझा आवाज आहे, अगदी स्वच्छ : "त्याला सांगू नका." नव्या रेकॉर्डमध्ये तोही असेल. गिटारवाला म्हणाला, "चाळीस वर्षं झाकलेलं कशाला उकरतेस? कापायला सांग." मी सांगणारही होते. पण तो वादक गेल्या वर्षी वारला. त्याच्या मुलीने कंपनीला पत्र लिहिलंय : "बाबा म्हणायचे ते ड्रम माझे. आम्ही त्यांना थापाड्या म्हणायचो. खरं काय ते कळवाल का?" ते पत्र वाचलं आणि काहीही न कापण्याच्या कागदावर सही केली.

तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. मग तिच्या बाबांचं काय?

बाकीची नऊ गाणी तुझीच आहेत. हे सांत्वन म्हणून लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं. पण राहू दे, खरं आहे.

रेकॉर्ड पुढच्या महिन्यात येईल. तुझ्या पोरांनी तुला विचारण्याआधी तू त्यांना सांगावंस. कसं, ते मला सुचत नाही. रविवारी सकाळी येते. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर दुपारपर्यंत पायरीवर बसेन, मग परत जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुला खोटं सांगणारी, तरी तुझीच,
ताई