खलाशांची लाज

डॉक्टर प्रॅटसाहेब,

मी चोई-लिन. हाँगकाँग बंदरावरच्या परवान्याच्या कुंटणखान्यातली, दर मंगळवारी तपासणीला तुमच्या टेबलावर झोपणारी. आठ वर्षांत तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीत, म्हणून नंबरही सांगते: सत्तावीस.

शनिवारी संध्याकाळी एक गोरा खलाशी आला. मी दिवा उचलून म्हटलं, "आधी विजार उतरव, बघू दे."

तो हसला. "तू काय मोठी डॉक्टर लागून गेलीस?"

पण उतरवली. ओले चट्टे होते. मी त्याला तसाच दाराबाहेर काढला.

आमची मालकीण आ-कम ओरडली, "गिऱ्हाईक हाकलतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"मावशी, मग तूच झोप त्याच्याजवळ," म्हटलं.

त्या खलाशानं तुमच्याकडे येऊन सांगितलं, की रोग मीच दिला. बोटही न लावता दिला, साहेब! आणि तुम्ही लगेच बोलावणं धाडलंत: उद्या तपासणी, रोग निघाला तर इस्पितळात कोंडणार. त्याला कधी तपासणार, असं मी तुमच्या शिपायाला विचारलं.

"खलाशांना तपासत नाहीत. त्यांना लाज वाटते," तो म्हणाला.

हे पत्र मी धाडणार नाही. तुम्ही ते न वाचताच दप्तरात टाकाल. उद्या तोंडावरच सांगेन. घरातल्या अकराजणी सोबत येतायत, आणि एकही टेबलावर चढणार नाही. आधी त्या खलाशाला झोपवा.

दिवा मी धरते.

तुमची मुळीच नसलेली,
चोई-लिन